काकूंची अडकणारी तबकडी

कापसाचा पहिला बोळा काळाकुट्ट झाला तेव्हा डॉक्टरांना मनापासून आनंद झाला. दुसराही तसाच झाला तेव्हा त्यांना अभिमान वाटला.

"बघ, बघ! केवढी घाण साठली होती," ते बायकोला म्हणाले. "काकांनी आयुष्यात कधी फडकं फिरवलं नसेल हिच्यावर."

तिसरा बोळा काळा झाला, चौथाही झाला. डॉक्टर आणखी स्पिरिट ओतत होते आणि आणखी जोर लावत होते. जी घाण कितीही पुसली तरी संपत नाही ती घाण नसून मूळ वस्तूच असावी, अशी शंका दुसऱ्या कोणालाही आली असती. डॉक्टरांना आली नाही, कारण ते दातांचे डॉक्टर होते आणि स्पिरिटवर त्यांची श्रद्धा होती. चिमटे, आरसे, खुर्चीचे हात, दाराची कडी, दवाखान्यातला फोन, सगळं ते स्पिरिटने पुसत. एकदा त्यांनी बायकोचा चष्मा इतका स्वच्छ केला होता, की काचांवरचा थरच निघून गेला आणि तिला नवा चष्मा येईपर्यंत सगळं जग धुक्यात दिसलं.

शिवाय सकाळपासूनचा अनुभव चांगला होता. काकांच्या संग्रहातल्या पातळ, वाकणाऱ्या, प्लास्टिकच्या रेकॉर्डी त्यांनी आधी पुसल्या होत्या आणि त्या आरशासारख्या चमकत होत्या. मग त्यांनी जुन्या, जाडजूड, ताटासारख्या जड तबकड्यांकडे मोर्चा वळवला आणि सुरुवात मुद्दाम त्यांतल्या सगळ्यात लाडक्या तबकडीपासून केली.

बायको पलीकडे कपड्यांच्या घड्या घालत होती. "अहो," ती म्हणाली, "ह्या जुन्या रेकॉर्डी कशाच्या असतात?"

"लाखेच्या. म्हणून तर जड लागतात."

"आणि आमच्या बाबांच्या फर्निचरच्या दुकानात पॉलिशवाला लाख कशात विरघळवायचा, आठवतंय?"

डॉक्टरांचा हात मंदावला. "कशात?" त्यांनी विचारलं, पण उत्तर त्यांच्या हातातल्या बाटलीवरच छापलेलं होतं.

रेकॉर्ड लावून पाहण्यात आता काही अर्थ नव्हता, तरी त्यांनी ती लावली. सुईखाली आधी वाळू चाळल्यासारखा आवाज आला. मग बादलीत तोंड घालून कोणीतरी बोलतंय असं काहीसं ऐकू आलं. मग तेही थांबलं आणि तबकडी नुसती फिरत राहिली. डॉक्टर खुर्चीत बसले. त्यांच्या दवाखान्यात दाढ उपटल्यावर लोक बसतात, अगदी तसे.

आता ह्या एका तबकडीपायी एवढा धसका घ्यायचं कारण काय, तर कारण काकू.

काका वर्षभरापूर्वी गेले. दुपारी वर्तमानपत्र वाचता वाचता गेले. न सांगता जाणं हा त्यांचा जन्माचा स्वभाव होता. घरातून बाहेर पडताना त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही. काकू स्वयंपाकघरातून बाहेर यायच्या, दारातल्या चपला नाहीशा झालेल्या बघायच्या आणि "गेले वाटतं" म्हणून परत आत जायच्या. कधी ते कोपऱ्यापर्यंत गेलेले असत, कधी परगावी. शेवटचंही त्यांनी तसंच केलं, फक्त ह्या वेळी चपला दारातच राहिल्या.

मागे राहिला तो त्यांचा रेकॉर्डींचा संग्रह, रेकॉर्ड प्लेअर आणि हातातली काठी. काकू लहानशा घरात राहायला गेल्या, तिथे हे सगळं मावेना. हक्काचे उमेदवार दोन होते. एक काकांचा पुतण्या, म्हणजे आपले डॉक्टर. दुसरा काकूंचा भाचा. हा भाचा घरं सजवायचा धंदा करत असे आणि जुन्या रेकॉर्डींना काटे बसवून भिंतीवरची घड्याळं बनवत असे. संग्रह पाहिल्यावर 'वा, काय गाणी आहेत' असं काही तो म्हणाला नाही. "वा, मधलं भोक आयतंच आहे," असं म्हणाला.

तेवढ्यावरून काकूंनी संग्रह डॉक्टरांना दिला, पण एका अटीवर. "दर रविवारी मी येणार आणि ही एक रेकॉर्ड ऐकणार," त्या म्हणाल्या होत्या. "हिला काही झालं तर बाकीच्या सगळ्या भाच्याकडे जातील. ज्याला एक सांभाळता येत नाही, त्याला ढीगभर कशाला हव्यात?"

डॉक्टर 'हो' म्हणाले तेव्हा त्यांना ह्या संग्रहाचं फारसं काही नव्हतं. पण नंतर त्यांना नाद लागला. दिवसभर माणसांच्या कण्हण्याचे आवाज ऐकलेला माणूस संध्याकाळी खालच्या दवाखान्यातून वर घरात यायचा, एक तबकडी लावायचा आणि कोणीतरी तोंड उघडून चक्क गातंय ह्याचं त्याला नवल वाटायचं. इतक्या वर्षांत त्यांना पहिल्यांदाच काहीतरी आवडलं होतं. आता त्या सगळ्या तबकड्या कोणाकोणाच्या भिंतीवर टिकटिकताना त्यांना दिसू लागल्या.

"सरळ सांगून टाका काकूंना," बायको म्हणाली. "चूक झाली म्हणावं. खाणार आहेत का त्या?"

"खाणार नाहीत. घड्याळं करतील," डॉक्टर म्हणाले.

थोड्या वेळाने बायको कपडे कपाटात ठेवून आली तेव्हा खोलीत कोणी नव्हतं. दारातल्या चपला गायब होत्या. "गेले वाटतं," ती म्हणाली. ह्या घराण्यातल्या पुरुषांना दुसरं काही नाही तरी एवढं मात्र वारशात बिनचूक मिळत होतं.

डॉक्टर गेले होते ते जुन्या वस्तूंच्या दुकानात. दुकानदाराला सगळे 'भंगारशेठ' म्हणत, आणि त्याला ते आवडत असे. मोडके पंखे, पितळी नळ आणि एका पायाने अधू टेबलं ह्यांच्या मागच्या बाजूला त्याच्याकडे रेकॉर्डींची एक मांडणी होती. डॉक्टरांनी गाण्याचं नाव सांगताच त्याने भुवया उंचावल्या, शिडी लावली आणि वरच्या फळीवरून एक पाकीट काढलं. तीच गायिका, तेच गाणं. तबकडीवर साधा चरासुद्धा नव्हता.

"नशीबवान आहात. परवाच आली," भंगारशेठ म्हणाला. "ही फार दुर्मीळ. कोणासाठी?"

"काकूंसाठी," डॉक्टरांच्या तोंडून निघून गेलं. मग ते घाईघाईने म्हणाले, "पण काकूंना कळता कामा नये हं. अजिबात."

"समजलं, समजलं," भंगारशेठने एक डोळा मिटला आणि किंमत सांगितली. ती ऐकून आपल्या पेशंटांच्या चेहऱ्यावर नेमकं काय उमटतं हे डॉक्टरांना पहिल्यांदाच आतून कळलं.

घरी आल्यावर त्यांनी विजयी मुद्रेने तबकडी लावली. आवाज स्वच्छ, गोड, समोर बसून कोणी गावं तसा. गायिका एकेक कडवं घेत पुढे सरकत होती आणि डॉक्टर मान डोलवत होते. मग ती "नको ना, नको ना" ह्या जागी आली आणि डॉक्टरांची मान डोलायची थांबली.

कारण काकूंची रेकॉर्ड इथे अडकायची. लग्न होऊन काकू त्या घरात आल्या तेव्हापासून अडकायची. "नको ना… नको ना… नको ना…" असं ती बाई गयावया करत राहायची. मग काका खुर्चीतून काठी उचलून प्लेअरच्या लाकडी पेटीवर टक्‌ करून एक ठोका द्यायचे. सुई टुणकन उडून पुढे जायची आणि गाणं एकदम "पहाट झाली, चांदणं सरलं" पासून सुरू व्हायचं. घरातल्या सगळ्यांना हे गाणं असंच पाठ होतं. डॉक्टर स्वतः लहानपणी ते काठीच्या ठोक्यासकट म्हणून दाखवायचे. काका गेल्यानंतर रविवारचा ठोका डॉक्टर देत, त्याच काठीने, आणि तो ऐकला की काकू डोळे मिटून खुर्चीला मान टेकवत.

ही नवी तबकडी मात्र अडकलीच नाही. "नको ना, नको ना जाऊ असा," गायिका आरामात पुढे म्हणाली, "जाशील तर सांगून जा." आणि मग निवांतपणे पहाट झाली.

"हे असं आहे होय पुढे!" बायको म्हणाली. "ऐकलंत ना? जाशील तर सांगून जा. मघाशी कुठे गेला होता न सांगता?"

पण डॉक्टरांचं तिकडे लक्ष नव्हतं. "ही अडकत नाही," ते खोल आवाजात म्हणाले.

"मग चांगलंच आहे की."

"चांगलं काय आहे? काकूंना पहिल्या फटक्यात कळेल की ही ती नव्हे. ही अडकली पाहिजे. बरोब्बर तिथे अडकली पाहिजे, आणि ठोका दिल्यावर सुटली पाहिजे."

बायकोने त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. "एवढा खटाटोप करण्यापेक्षा खरं बोलणं सोपं नाही का?" तिने विचारलं. प्रश्न बिनतोड होता, म्हणून डॉक्टर भिंगाचा चष्मा शोधायला लागले.

दुसऱ्या दिवसापासून दुपारच्या सुट्टीत खालच्या दवाखान्यात वेगळंच काम सुरू झालं. डॉक्टरांनी प्लेअर खाली आणला, मोठा दिवा तबकडीवर ओढला आणि डोळ्यांना भिंगाचा चष्मा लावला. आधी त्यांनी पुसलेली तबकडी तपासली. गाणं गेलं होतं, पण जुना ओरखडा शाबूत होता. चांगला खोल, एका तिरप्या रेषेत, एका दमात मारलेला. सुरुवातीला बारीक, शेवटी किंचित रुंद. अपघाताने पडलेल्या ओरखड्यात एवढी सफाई कुठून आली, असा प्रश्न डॉक्टरांना क्षणभर पडला. माणसाच्या हाताचं काम ते ओळखत. पण रविवार जवळ येत होता, म्हणून त्यांनी प्रश्न बाजूला ठेवला आणि ओरखड्याचं माप घेतलं.

एकदम खऱ्या तबकडीवर हात घालण्याची त्यांची छाती नव्हती. सरावासाठी त्यांनी संग्रहातली कोणी ऐकत नसलेली तबकडी निवडली. ती व्यायामाची होती. त्यात एक करड्या आवाजाचे गृहस्थ लोकांना श्वास आत घ्यायला आणि सोडायला सांगत. डॉक्टरांनी ड्रिल सुरू केलं. जन्मभर कीड काढायची सवय असलेल्या हाताला आता कीड लावायची होती, आणि ते वाटतं तितकं सोपं नव्हतं. पहिला चरा इतका वरवरचा झाला की सुई त्यावरून काही न झाल्यासारखी निघून गेली. दुसरा इतका खोल गेला की सुई किंचाळत थेट मधल्या कागदापर्यंत घसरली. डॉक्टर घामाघूम झाले. ड्रिल, तपासणी, सुई; ड्रिल, तपासणी, सुई. शेवटी करडे गृहस्थ एका जागी अडकले.

"रोखून धरा… रोखून धरा… रोखून धरा…"

डॉक्टरांना आनंदाने ओरडावंसं वाटलं. त्यांनी काठीने ठोका दिला आणि गृहस्थ सुटून "हळूहळू सोडा" वर गेले.

आता हे सगळं ज्या दाराच्या आत चाललं होतं, त्या दाराच्या बाहेर एक बाक होता, आणि बाकावर अक्कलदाढ दुखणारे एक पेशंट वेळेआधीच येऊन बसले होते. मुळात ते भित्रे. चार वेळा वेळ ठरवून चार वेळा टाळलेली. आज त्यांच्या बायकोने घरातून बाहेर काढून दाराला आतून कडी घातली होती म्हणून आले होते. त्यांनी आधी ड्रिलचा आवाज ऐकला. मग एका करड्या पुरुषी आवाजाने कोणाला तरी श्वास रोखून धरायला सांगितलेलं ऐकलं, एकदा नाही, अनेकदा. आपणही श्वास रोखून धरलाय हे त्यांच्या जरा उशिराच लक्षात आलं.

आत डॉक्टरांनी खरी तबकडी लावली होती. जागा खुणेने पक्की केली, ड्रिल टेकवलं, हात स्थिर ठेवून एका दमात रेघ ओढली आणि सुई ठेवली. काम पहिल्याच फटक्यात फत्ते झालं. एखादी दाढ साच्यात चपखल बसावी तशी सुई त्या चऱ्यात बसली.

बाहेर ऐकू आलं ते एवढंच, की ड्रिल कर्कश किंचाळलं, थांबलं, आणि मग एक बाई काकुळतीला येऊन म्हणू लागली, "नको ना… नको ना… नको ना…" मग टक्‌ असा एक आवाज झाला आणि ती गप्प झाली, कारण डॉक्टरांनी ठोक्याबरोबर आवाजही बंद केला होता. जरा वेळाने खात्री करून घेण्यासाठी त्यांनी पुन्हा सुई ठेवली. पुन्हा "नको ना… नको ना…" आणि पुन्हा टक्‌.

अक्कलदाढवाले उठून उभे राहिले. टेबलाशी बसलेल्या दवाखान्यातल्या मदतनीस बाई स्वेटर विणत होत्या. त्यांना त्यांनी कसंबसं विचारलं, "आत… आत कोण आहे?"

"कोणी नाही," बाई टाक्यांवरची नजर न काढता म्हणाल्या. "डॉक्टर एकटेच आहेत."

हे उत्तर खरं होतं, पण त्या घडीला ह्याहून वाईट उत्तर सापडणं कठीण होतं.

"माझी दाढ थांबली दुखायची," पेशंट म्हणाले. "अगदी थांबली. डॉक्टरांना माझा नमस्कार सांगा." आणि ते पायऱ्या उतरून गेले. त्यांना धावताना त्या रस्त्याने ह्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत गोष्ट सगळीकडे पसरली. ठरलेल्या वेळा एकामागून एक रद्द होऊ लागल्या. कोणाचा दात आपोआप पडला होता, कोणाचा हलायचा थांबला होता. एका आजीबाईंनी फोन करून आपली कवळी कुरिअरने पाठवली तर चालेल का असं विचारलं. एकाने तर नाव न सांगता नुसतंच विचारलं, "तुमच्याकडे भूल देतात ना?" बायकोने फोन ठेवला आणि ती डॉक्टरांना म्हणाली, "एक तबकडी अडकवायच्या नादात सगळा दवाखाना अडकवून ठेवलात तुम्ही."

डॉक्टर ऐकत नव्हते. ते तबकडी पाकिटात घालत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर कलावंताचं समाधान होतं.

रविवारी दुपारी काकू आल्या. नेहमी त्या थकलेल्या पावलांनी जिना चढून यायच्या, पाणी मागायच्या, मग गुडघ्यांची चौकशी स्वतःच स्वतःकडे करायच्या. आज त्या तरातरा वर आल्या. ठेवणीतली साडी नेसल्या होत्या. पाणीसुद्धा न मागता खुर्चीत बसल्या आणि पदर सावरून म्हणाल्या, "लाव बाळ्या."

बाळ्या म्हणजे डॉक्टर. त्यांनी बायकोकडे एक नजर टाकली, तबकडी लावली आणि काठी हाताशी घेऊन उभे राहिले. गाणं सुरू झालं. काकू पुढे सरकून ऐकत होत्या. त्यांचे ओठ हलत होते. "नको ना" आलं तेव्हा त्यांनी चक्क श्वास रोखला.

"नको ना… नको ना… नको ना…"

डॉक्टरांच्या मनात आलं, काय जमलंय! त्यांनी डौलात काठी उचलली आणि टक्‌ करून ठोका दिला. पहाट झाली, चांदणं सरलं. त्यांनी अपेक्षेने काकूंकडे पाहिलं, तर काकूंचं तोंड एवढंसं झालं होतं.

"ही कोणती लावलीस रे?" त्या म्हणाल्या.

"नेहमीचीच, काकू. दुसरी कोणती लावणार?"

"नेहमीची कशाला? नवी लाव ना."

डॉक्टरांनी काठी हळूच भिंतीला टेकवली. "नवी?" त्यांनी विचारलं.

"आता किती नाटक करशील?" काकू हसून म्हणाल्या. "मला कळलंय सगळं. त्या भंगारशेठच्या कानावर मी कधीचं घालून ठेवलं होतं की ही रेकॉर्ड धड अवस्थेतली मिळाली तर मला कळव. ह्यांना न सांगता, बरं का! ह्यांनी कधी नवी आणू दिली नाही, नि आहे ती दुरुस्तही करू दिली नाही. काल गेले तर तो म्हणतो, अहो काकू, तुमच्या पुतण्याने आधीच नेली तुमच्यासाठी, पण मी सांगितलं म्हणून सांगू नका. मी रात्रभर झोपले नाही रे. सगळा जन्म त्या 'नको ना' वर अडकून पडलेय मी. पुढे ती काय म्हणते ते एकदा कानांनी ऐकायचंय. लाव लवकर."

बायकोने खिडकीतून बाहेर बघायला सुरुवात केली. डॉक्टरांनी घसा साफ केला. मोठमोठ्या माणसांना त्यांनी 'सगळेच दात काढावे लागतील' हे निर्विकारपणे सांगितलं होतं, पण हे वाक्य काही केल्या बाहेर येईना.

"काकू," ते म्हणाले, "हीच ती नवी."

"मग ती अडकते कशी?"

"मी अडकवली."

मग त्यांनी सगळं सांगितलं. स्पिरिट सांगितलं, बोळे सांगितले, ड्रिल सांगितलं. सांगता सांगता पुसलेली तबकडी कपाटातून काढून त्यांच्या मांडीवर ठेवली. काकूंनी तिच्यावरून बोट फिरवलं. डॉक्टरांना वाटलं, त्यांनी रागावून घ्यावं, भाच्याला फोन करावा, काहीही करावं, पण असं गप्प बसू नये. त्यांना स्वतःची मनस्वी लाज वाटली.

"काकू, न्यायला सांगा भाच्याला सगळ्या," ते म्हणाले. "माझी लायकीच नाही."

"ते राहू दे," काकू म्हणाल्या. "अडकवायच्या आधी तू पूर्ण ऐकली असशील ना?"

"ऐकली."

"मग सांग. पुढे काय आहे?"

डॉक्टर नुसतं सांगायला लागले, पण काकूंनी हात वर केला. "गाऊन. जसं आहे तसं."

डॉक्टर आयुष्यात कधी गायले नव्हते, आणि का गायले नव्हते हे पुढच्या क्षणी सगळ्यांना कळलं. "नको ना जाऊ असा," त्यांनी डोळे घट्ट मिटून म्हटलं, "जाशील तर… सांगून जा."

काकूंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"काय म्हणालास?"

"जाशील तर सांगून जा."

"अस्सं!" काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला. "म्हणून ह्यांनी ती दुरुस्त करू दिली नाही! गाणं तिथे आलं रे आलं की काठी हातात तयार. मी म्हणायची, अहो, सुई उचलून जरा अलीकडे ठेवून बघा, कदाचित पुढे जाईल. तर म्हणायचे, असू दे, असंच गोड वाटतं. आणि रेकॉर्ड तर त्यांनी लग्नाच्या आधी घेतलेली! त्यांना पाठ असणार ते!"

डॉक्टरांना त्या क्षणी बाजूला ठेवलेला प्रश्न आठवला. त्यांनी खाली वाकून काकूंच्या मांडीवरच्या तबकडीकडे पाहिलं, आणि एका कारागिराने दुसऱ्या कारागिराला दाद द्यावी तशा आवाजात ते म्हणाले, "काकू, हा ओरखडा पडलेला नाही. पाडलेला आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे असा एका दमात चरा आपोआप जात नाही. मला तीन दिवस लागले शिकायला. काकांनी कशाने केला कोण जाणे, पण हात फार चांगला होता."

काकूंचे खांदे हलायला लागले. बायको घाबरून पुढे झाली, तर काकू हसत होत्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते त्या पुसतही नव्हत्या. "लबाड माणूस!" त्या म्हणत होत्या. "अगं, केवढा लबाड! बायकोने म्हणू नये म्हणून गाण्यातल्या बाईचंसुद्धा तोंड बंद केलं! आणि एवढं करून शेवटी गेले ते गेलेच ना न सांगता." मग हसणं ओसरलं आणि पाणी तेवढं राहिलं. काका गेले तेव्हा त्या अशा रडल्या नव्हत्या. बायकोने त्यांचा हात धरला.

निघताना काकूंनी निकाल दिला. पुसलेली तबकडी भाच्याकडे जाईल आणि तिचं घड्याळ होईल. ते दवाखान्यातल्या बाकासमोर लागेल, म्हणजे बाळ्याची आठवण बुजणार नाही. बाकीच्या सगळ्या इथेच राहतील. "तुझा दोष नाही," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. "रक्तातच आहे तुमच्या. पण आता दर रविवारी ती अडकली, की ठोका द्यायच्या आधी मधली ओळ तू म्हणायची. मोठ्याने."

डॉक्टरांनी मान हलवली. पेशंट हळूहळू परत येऊ लागले. रविवारी दवाखाना बंद असतो ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट, कारण डॉक्टरांचं गाणं खाली रस्त्यापर्यंत ऐकू येतं.

पुढच्या रविवारी गाणं संपलं. काकू आणि बायको बोलत बसल्या होत्या. डॉक्टर हळूच उठले, दारापर्यंत गेले आणि त्यांनी चपलांत पाय सरकवला. मागचं बोलणं बंद पडलं. त्यांनी वळून पाहिलं. दोघीही त्यांच्याकडे बघत होत्या, आणि काकांची काठी काकूंच्या हातात होती.

"कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो," डॉक्टर म्हणाले.

"ये हो," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी काठी खाली ठेवली.